सोमवार, गुरुवार, सोमवार

बार्टली गिलहूलीनं पाणंदीच्या फाटकाला तार गुंडाळली आणि त्याच दिवशी पाऊस थांबला. आमचं नशीबच असं! सबंध जून आणि निम्मा जुलै आभाळ गळत होतं. दलदलीत कापून रचलेलं टर्फ, म्हणजे आमचं मातीचं जळण, काळ्या लोण्यासारखं भिजून पडलेलं. आता कुठे दोन दिवस ऊन पडून ढेकळं हाताला कडक लागायला लागली, तर ती घरी आणायची वाटच बंद.

टर्फ नसेल तर आमच्या लेट्रिम परगण्यात हिवाळा निघत नाही. चूल त्यावर, पाव त्यावर, ओले कपडे त्यावर, म्हाताऱ्यांचे गुडघे त्यावर. आणि आमची दलदल नेमकी गिलहूलींच्या पाणंदीपलीकडे. गाढवाच्या दोन्ही अंगांना टोपल्या लावल्या की त्या पाणंदीनं एक खेप अर्ध्या तासाची. दुसरी वाट ओढ्याकाठची, दोन मैलांची, आणि तिथं गाढव पोटापर्यंत रुततं. म्हणजे माणसाच्या पाठीवरूनच काय ते.

भांडणाचं कारण एक गाय. पॅकीकाका, म्हणजे माझ्या बापाचा थोरला भाऊ, त्याच्याच घरात आई आणि मी राहतो, गुरांच्या बाजारात उगाच खिशात हात घालून उभा होता. बार्टली एका परक्या व्यापाऱ्याला सांगत होता, "तिसऱ्या वेताची आहे, मालक." काकाला राहवलं नाही. तो म्हणाला, "तिसऱ्या? अरे, ही तर तिच्या आईपेक्षा म्हातारी दिसते!" सगळा बाजार हसला. व्यापारी पण हसला आणि निघून गेला. गाय परत घरी आली आणि दुसऱ्या दिवशी फाटकाला तार.

"खोटं काय बोललो मी?" काका रोज विचारायचा.

"खरं बोलायला तुला बाजारच सापडला?" आई रोज म्हणायची. "आता पाठीला टोपली बांध आणि वाहा तुझं खरं."

रविवारी संध्याकाळी आमच्या अर्ध्या दारावर, म्हणजे दाराच्या खालच्या बंद फळीवर, एक टोपी दिसली. टोपीखाली थॅडी गिलहूली. बार्टलीचा मुलगा. गेल्या वर्षी त्याचं ऊनाशी लग्न झालं. माणूस चांगला, पण बापासमोर त्याची मान पावसात उभ्या असलेल्या घोड्यासारखी खाली.

"देव या घराचं भलं करो," तो म्हणाला.

"तुझंही," आई म्हणाली. आत ये म्हणाली नाही.

काका बूट काढत होता, तो काढतच राहिला. "काय रे थॅडी? तार कमी पडली का?"

थॅडीनं टोपी काढून हातात चुरगाळली. "आमच्या ह्यूईचं तोंड आलंय, केट," तो आईला म्हणाला. "आतून सगळं पांढरं झालंय. ऊनाला पाजता येत नाही, तोंड लावलं की किंचाळतो. म्हटलं, विनी घरी असली तर..."

विनी म्हणजे मीच, आणि विनी घरीच होती! विनी कोपऱ्यात बटाटे सोलत होती आणि तिचे कान एव्हाना दाराबाहेर पोचले होते.

मी जन्मायच्या सात आठवडे आधी माझा बाप स्कॉटलंडमध्ये विहीर खणताना दरडीखाली गेला. त्यानं मला पाहिलं नाही, मी त्याला पाहिलं नाही. आणि ज्या मुलानं बापाचं तोंड पाहिलेलं नाही, त्याच्या फुंकरीनं तान्ह्या पोरांचं आलेलं तोंड बरं होतं. हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. पाच मैलांत असं मूल मी एकटीच. तीन वर्षांची होते तेव्हापासून आई मला कडेवर घेऊन घरोघर न्यायची. आता चौदावं सरलंय, आणि मोजून एकतीस तोंडं माझ्या नावावर आहेत. गेल्या महिन्यात बाईंनी मला शाळेत पहिलीच्या पोरांकडून पाढे म्हणवून घ्यायला बसवलं. हातात छडी देऊन! त्या बारा पोरांतल्या सातांच्या तोंडात मी फुंकर घातलेली आहे. ती सात पोरं मी जरा जास्तच आपली समजते आणि पाढा चुकला तर त्यांना जरा जास्तच रागावते.

"आधी फाटकाची तार सोडा म्हणावं," काका बुटाशी बोलावं तसं म्हणाला.

"पॅकी," आई म्हणाली, "पोराच्या तोंडाचा सौदा करायचा नाही. थॅडी, सकाळी येईल ती. पोराला पहाटेपासून पाजू नका."

"उद्या सोमवारच आहे," थॅडी म्हणाला. त्याचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला.

सोमवार, गुरुवार, सोमवार. तीन सकाळी, ऊन दारात यायच्या आत. फुंकणारी अनशापोटी, पोरही अनशापोटी. आणि पहिल्या सोमवारपासून शेवटच्या सोमवारपर्यंत दुसरं औषध नाही, दुसरा उतारा नाही, डॉक्टर नाही. एका दुखण्याला एकच हात. एवढे नेम पाळले की झालं.

सोमवारी मी अनवाणी, फाटकावरून चढून गेले. गिलहूलींची चूल आमच्या दुप्पट मोठी आहे. बार्टली तिच्यापुढे पाठ करून बसला होता. माझ्याकडे वळलाही नाही. ऊनानं पोराला मांडीवर धरलं. ती माझ्यापेक्षा सहाच वर्षांनी मोठी. शाळेत असताना दोरीवर उड्या मारण्यात तिचा हात कुणी धरत नव्हतं, आता डोळ्यांखाली काळं आलेलं.

"किती जोरात रडतोय बघ," ती म्हणाली. "रात्रभर हेच. सासरे म्हणतात, गायसुद्धा एवढी हंबरत नाही."

"रडू दे, तोंड आपोआप उघडतं," मी अनुभवी माणसासारखं म्हणाले. खरंच आतून सगळं दह्यासारखं पांढरं होतं. मी पित्याच्या नावानं एक, पुत्राच्या नावानं एक, पवित्र आत्म्याच्या नावानं एक, अशा तीन फुंकरा घातल्या. ह्यूई दचकला, थांबला, माझ्याकडे बघितलं आणि मग आधीपेक्षा मोठ्यानं सुरू झाला. तीन महिन्यांचं पोर, पण फुप्फुसं काय होती!

परत आले तर फाटकाची तार सोडलेली. तार नुसती खांबाला गुंडाळून ठेवली होती.

मग काय विचारता! सोमवार, मंगळवार, बुधवार, शाळा सुटली की मी दलदलीत. आई टोपल्या भरायची, मी गाढव हाकायचे, काका घरामागे टर्फ रचायचा आणि शीळ घालायचा. बुधवारी संध्याकाळी निम्मं टर्फ घरी आलं होतं. आईचे हात कोपरापर्यंत काळे, आणि ती चक्क हसत होती. "अजून तीन दिवस असंच गेलं ना," ती म्हणाली, "तर यंदा मी चुलीजवळ बसून मोजे विणीन." फक्त पश्चिमेचे डोंगर फार जवळ दिसायला लागले होते, अगदी हात लावावा इतके. म्हणजे दोन-तीन दिवसांत पाऊस.

गुरुवारी मी फाटकातून ताठ मानेनं गेले.

गिलहूलींच्या घरातून आवाज येत नव्हता. मला वाटलं, वा, एकाच सकाळीत गुण आला! मी दार लोटलं. टेबलावर जवाच्या पोळ्या ठेवलेल्या होत्या, वर लोणी. थॅडी दूध पोचवायला निघायचा म्हणून त्याची न्याहारी मांडलेली, पण तो नुसता उभा होता. बार्टली चुलीपुढे. ऊनानं पोराला छातीशी धरलं होतं.

"झोपलाय?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली.

ह्यूईचे डोळे अर्धे उघडे होते. मी हनुवटीला बोट लावलं आणि तोंड उघडलं. नुसतं बोट लावलं आणि उघडलं. विरोध नाही, रडणं नाही. पांढरं जरा कमी वाटलं, पण जीभ कोरडी, खरखरीत. श्वासाला आंबूस वास.

"कालपासून जुलाब," ऊना हळू आवाजात म्हणाली. "आधी हिरवे, मग नुसतं पाणी. आता तेही नाही. काल दुपारपासून दुपटं ओलं केलं नाही त्यानं."

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. टाळू खोल गेली होती. बोट ठेवलं तर बशीत ठेवल्यासारखं.

वासरांना हगवण लागते ती मी पाहिली आहे. काकानंच मला शिकवलंय: मानेची कातडी चिमटीत धरायची आणि सोडायची. झटकन खाली बसली तर वासरू जगतं. तंबूसारखी उभी राहिली तर त्याच्या अंगातलं पाणी संपलं. त्याच दिवशी काही केलं नाही तर दुसऱ्या दिवशी खड्डा खणायचा. मी ह्यूईचा सदरा वर केला. पोटाची कातडी चिमटीत धरली आणि सोडली.

ती उभीच राहिली.

मी ऊनाकडे बघितलं. तीही गुरांच्या घरातली होती, तिलाही कळत होतं. तिनं सासऱ्याच्या पाठीकडे पाहिलं.

"डॉक्टरला बोलवा," मी म्हणाले.

चुलीपुढची पाठ हलली नाही. "फुंकर घाल आणि जा."

"बार्टली, माझ्याकडे तोंडाचा उतारा आहे. पोटाचा नाही. याच्या अंगात पाणी राहिलेलं नाही. दवाखान्याचा डॉक्टर गरिबांची लाल चिठ्ठी दिली की घरी येतो. नाहीतर थॅडी घोडा जोडून यालाच घेऊन जाईल, दोन तास लागतील—"

"सोमवारी येईल डॉक्टर. उतारा पुरा झाला की."

"सोमवारी!" माझा आवाज फाटला. "सोमवारपर्यंत कुठला राहतोय तो?"

तेव्हा तो वळला. मला वाटलं होतं रागावलेला असेल. त्याचे डोळे लाल होते, ते रागानं नव्हेत.

"पोरी, याच्याआधी," त्यानं काठीनं थॅडीकडे दाखवलं, "मला एक मुलगा होता. डांग्या खोकला झाला होता. उतारा चालू होता. दोन सकाळी झाल्या, एकच राहिली होती. माझ्या बायकोला धीर निघाला नाही. डॉक्टर आणला, त्यानं बाटली दिली. संध्याकाळी पोर गेलं. मधे हात घालायचा नसतो. मी एकदा घालू दिला. पुन्हा नाही."

मी थॅडीकडे वळले.

"थॅडी," मी म्हणाले, "तू तरी."

थॅडीनं खाली बघितलं. "तू फुंकर घाल विनी. सोमवारपर्यंत... तीन दिवस आणि आजचा."

"घाल लवकर," बार्टली म्हणाला. "ऊन दारात येतंय."

उजेड उंबरठ्याला लागला होता. माझ्या डोक्यात सगळं एकदम पळायला लागलं. फुंकर घातली तर हे तिघं सोमवारपर्यंत हात बांधून बसणार. नाही घातली तर बार्टली म्हणणार, पॅकीची पुतणी नाटकं करते. मला धरून ठेवतील, आईला बोलावतील, मी घालेपर्यंत उन्हाकडे बघत बसतील, आणि आईनं डोळे वटारले की मी घालणार, मला माझी माहिती आहे. उतारा चालू आहे तोवर या घरात डॉक्टर येणार नाही. चालू आहे तोवर.

टेबल माझ्या हाताशी होतं.

मी जवाची पोळी उचलली आणि तिचा मोठा घास घेतला.

ती पोळी! जवाची पोळी एरवीही घशाखाली ओढून न्यावी लागते. माझं तोंड तर आधीच सुकलेलं. मी चावत राहिले. घरात दुसरा आवाजच नव्हता. माझ्या दातांचा करकर आवाज मलाच एवढा मोठा येत होता. थॅडीचं तोंड उघडं पडलं. घास गिळला जाईना, म्हणून मी लोण्यात बोट घालून ते चाटलं आणि मग गिळला. सगळ्यांना दिसेल असा गिळला. आणि दुसरा घास घेतला.

"येशू, मरिया, योसेफ," थॅडी पुटपुटला.

बार्टली उठला. साठीचा माणूस, पण एका ढांगेत माझ्यापाशी आला. त्यानं माझी वेणी धरली. हिसका बसला तशी पोळी खाली पडली. त्यानं मला त्या वेणीला धरून दारातून बाहेर ओढलं, रेड्याला ओढावं तसं, आणि सोडलं. मी अंगणात बदकांच्या डबक्यात पालथी पडले. शेण, पिसं, सगळं तोंडात गेलं.

"डूख धरून आलीस!" तो ओरडला. "गाईवरून! एका गाईवरून तुम्ही माझ्या नातवाचा उतारा मोडलात!"

आतून ऊनाचा आवाज आला. तसा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता.

"मोडला! मोडला ना उतारा? मग आता कशाची वाट बघायची? थॅडी, घोडा जोड!"

"अगं, थांब जरा—"

"घोडा जोड, नाहीतर मी याला घेऊन चालत जाते! अनवाणी जाते, सगळ्या गावातून जाते!"

मी डबक्यातून उठत होते तेव्हा थॅडी माझ्या शेजारून गेला. तबेल्याकडे. बापाकडे न बघता. बार्टली दाराच्या चौकटीला धरून उभा होता. अडवायला आता कारणच राहिलं नव्हतं. मोडलेल्या उताऱ्याला कसलं आलंय पथ्य! गाडी दगडांवरून खडखडत गेली. ऊना मागे शालीत पोराला गुंडाळून बसलेली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. बघायचं टाळलं की दिसलेच नाही, ते मला कळलं नाही.

मी घरी पोचायच्या आत फाटकाला तार लागली होती. या वेळी तिहेरी.

आईनं माझे कपडे पाहिले, वेणी पाहिली. "कुणी केलं?"

मी सगळं सांगितलं. एका दमात. आई ऐकत राहिली. मी पोळीपाशी आले तेव्हा तिनं माझ्या थोबाडीत मारली. मग पाणी तापायला ठेवलं आणि माझी वेणी सोडून केसांतलं शेण काढायला बसली.

काका मात्र घरभर फिरत होता. "चार दिवस! चार दिवस तुला ते तोंड बंद ठेवता आलं नाही? निम्मं टर्फ तिकडे पडलंय! फुंकर घालायची, घरी यायचं. त्यांचं पोर, त्यांचा डॉक्टर, त्यांचं ते बघतील!"

"काका, कातडी उभी राहिली होती," मी म्हणाले.

तो थांबला. "किती वेळ?"

"मी बघत होते तोवर. खाली बसलीच नाही."

तो स्टुलावर बसला. मग उठून त्यानं पाठीवरच्या तिन्ही टोपल्या बाहेर काढल्या आणि त्यांचे दोर तपासायला लागला.

त्या दुपारपासून आम्ही ओढ्याकाठून टर्फ वाहायला लागलो. ती वाट कशी आहे सांगू का? पाय घोट्यापर्यंत रुततो, तो काढताना टोपली मागे खेचते, आणि दोर खांद्यात चावतो. तीन खेपांत माझ्या खांद्यावरची कातडी गेली. आईनं जुन्या पोत्याच्या दोन घड्या करून दिल्या. तिच्या स्वतःच्या खांद्यावर काही नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी पाऊस आला. आम्ही भिजत वाहिलं, ओलं टर्फ वाहिलं, कारण तिथं ठेवलं तर चिखलच होणार होता.

पण टर्फ काहीच नाही. पोराची बातमी येत नव्हती, ते जड होतं. शुक्रवारी शाळेत गेले तर पहिलीची सगळी पोरं माझ्याकडे भुतासारखी बघत होती. माझ्या सातांपैकी एक, कॅसिडींचा डॅन, दात पडलेला, मला म्हणाला, "माझी आई म्हणते, तू पोळी खाऊन बाळाला मारलंस." मी त्याला सातचा पाढा म्हणायला लावला. त्यानं तो बरोबर म्हटला. मला त्याला रागवायलासुद्धा काही मिळालं नाही.

रविवारी चर्चमध्ये आम्ही बसलो त्या बाकावर दुसरं कुणी बसलं नाही. आई ताठ बसली. तिच्या मानेवर दोराचा लाल वळ कॉलरच्या वर दिसत होता. मी प्रार्थना करत होते, पण शब्द सोडून मला ती कातडीच दिसत होती. समजा उशीर झाला असला तर? समजा उतारा पुरा झाला असता तर खरंच वाचला असता? मग मीच. पुढे जन्मभर मीच.

प्रार्थना संपली आणि बाहेर भिंतीपाशी पुरुषांचा घोळका दिसला. मधे थॅडी. दाढी वाढलेली, तीन रात्री न झोपलेला.

"जगला," तो सांगत होता. "हॉस्पिटलात मांडीत सुई खुपसून मिठाचं पाणी सोडलं. एवढी मोठी सुई! मांडी फुगली अशी. काल संध्याकाळी रडला. डॉक्टर म्हणाला, आणखी एक दिवस घालवला असतात तर आणू नका म्हणून सांगितलं असतं."

मी भिंतीला टेकले. मला ओरडावंसं वाटलं, नाचावंसं वाटलं.

"देवाची कृपा," कॅसिडीणबाई मोठ्यानं म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघून आणखी मोठ्यानं, "त्या कारटीनं मोडलं ते डॉक्टरनं निस्तरलं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. बघा म्हणजे! पोर आजारी पडलं पोळीच्या आधी, वाचलं डॉक्टरमुळे, आणि मधे मी, पोळी खाऊन त्याला मरणाच्या दारात नेणारी. थॅडीनं एकदा माझ्याकडे बघितलं. त्याचं तोंड उघडलं. मागे बार्टली उभा होता. तोंड मिटलं.

मी सांगायला पुढे निघाले होते. सगळं, तिथंच, भिंतीवर चढून. आईनं माझा दंड धरला.

"काय सांगणार आहेस?" ती कानाशी म्हणाली. "की ऊनाच्या सासऱ्यानं नातवाला मारलं असतं? आणि मग ऊना त्याच घरात राहणार. चल. दोन खेपा होतील अजून उजेडात."

त्यानंतर आमच्या अर्ध्या दारावर कुणाची टोपी दिसली नाही. ऑगस्टमध्ये ड्रमकीनच्या एका बाईच्या पोराचं तोंड आलं, तर ती त्याला अकरा मैलांवर दुसऱ्या परगण्यात घेऊन गेली, आमच्या घरावरून! गाडी जाताना मी कुंपणापाशी उभी होते. पोर रडत होतं. मला इथून त्याचा घसा दिसत होता, पांढरा, सोपा. तीन सकाळींचं काम. बाईनं शाल पोराच्या तोंडावर ओढून घेतली. त्या दिवशी मी कुणाला न दिसेल असं रडले. मी फार क्वचित रडते.

टर्फ अजून संपलं नव्हतं. शेवटचे ढीग राहिले होते. ऑगस्टच्या दुसऱ्या सोमवारी, न्याहारीच्या आधी एक खेप करून यावी म्हणून मी एकटीच गेले. ओढ्यावर धुकं होतं. टोपली भरली, पण दगडावर टेकवून पाठीवर घेताना दोर निसटला. मी वाकून तो सोडवत होते.

"विनी."

मी एवढी दचकले की अर्धं टर्फ खाली सांडलं.

काटेरी झुडपाआड ऊना उभी होती. परकर गुडघ्यापर्यंत भिजलेला, हातात शालीचं बोचकं. पाणंद सोडून शेताशेतांतून आली होती. मी बोचक्याकडे बघत राहिले. ते हलत होतं.

"काही खाल्लंयस?" तिनं विचारलं.

"अं?"

"आज सकाळपासून. काही खाल्लंयस का? पाणी? पान? काही?"

"नाही," मी म्हणाले. "काहीच नाही."

"नक्की? तुझा काय भरवसा." तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. हसली म्हणणं जास्त होईल. "यानंही नाही खाल्लं. पहाटेपासून उपाशी ठेवलाय. दवाखान्यात जुलाब थांबवले, पण तोंड पुन्हा आलं. त्यांनी जांभळं औषध लावायला दिलं होतं, ते लावलं, संपलं. परत पांढरं. म्हातारे झोपलेत. थॅडीला सांगितलंय कोंबडी शोधायला जाते."

तिनं शाल बाजूला केली. ह्यूई! गाल आलेले, मनगटांना वळ्या पडलेल्या, आणि कपाळावर अशी आठी की आजोबा शोभावा. मी न विचारताच त्याचा सदरा वर केला आणि पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती झटकन बसली. ऊनानं त्याला माझ्यासमोर धरलं.

मला एकदम भीती वाटली. एकतीस तोंडांत कधी वाटली नव्हती. "ऊना, लोक म्हणतात की मी मोडला म्हणून आता माझ्यात राहिलाच नसेल."

"लोक तिथं नव्हते," ती म्हणाली. "मी होते. फुंक."

मी फुंकले. पित्याच्या नावानं. पुत्राच्या नावानं. तिसरी फुंकर घालेपर्यंत ह्यूई मोठे डोळे करून माझ्याकडे बघत होता, माझा चेहरा तपासत होता. मग त्यानं छाती भरून घेतली आणि जो सूर लावला! ओढ्यातले बगळे उडाले. पलीकडे गिलहूलींच्या अंगणात कुत्रं भुंकायला लागलं.

"अरे गप, गप रे राजा," ऊना त्याला थोपटत म्हणाली, "तुझे आजोबा उठतील!" पण तो कसला गप बसतोय. तिनं त्याला काखोटीला मारलं, दुसऱ्या हातानं माझी टोपली खालून धरली आणि एका उचलीत पाठीवर चढवून दिली. दोर माझ्या खांद्यावर आले.

"गुरुवारी," ती म्हणाली. "इथंच. आणि पोटात काही घालून आलीस तर वेणी मी धरीन."

ती शेतातून पळत सुटली आणि मी ओढ्याकाठून, चिखलातून, टोपलीसकट पळाले. मागे कितीतरी वेळ ह्यूई ऐकू येत होता.